काम शोधण्याचे काम



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते त्या सरांकडे मी आठवी ते दहावी गणित शिकलो. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, सीमाप्रश्न, विज्ञान, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. मी विद्वान नाही. उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या कर्मचारी विभागात वीस वर्षे नोकरी करून २०२० साली निवृत्त झालेला माणूस आहे. त्या नोकरीपूर्वी एकोणीस महिने मी बेकार होतो, आणि त्या एकोणीस महिन्यांत मला नैराश्याचा व चिंतेचा आजार होता. म्हणजे मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर मी बसलेलो आहे. मंडळाने विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. ‘विषय जरा वेगळा होतो’ असे एक सभासद म्हणाले, परंतु त्यांनी तो नाकारला नाही, याबद्दल मी ऋणी आहे.

विषय सुचण्यास एक निमित्त घडले. दोन वर्षांपूर्वी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे आले होते. मुलगा पदवीधर, पुण्यातील नोकरी सुटून घरी आलेला. “दहा वाजले तरी अंथरुणात असतो. अर्ज कर म्हटलं तर उद्या करतो म्हणतो. जास्त बोललं तर अंगावर येतो. आळस शिरलाय अंगात. तुम्ही इतकी वर्षं माणसं घेतलीत, तुम्ही त्याला चार शब्द सांगा.” मी त्या मुलाशी बोललो. परंतु खरे तर मला वडिलांशी बोलायचे होते, आणि ते बोलणे चार शब्दांत मावणारे नव्हते. आज पाऊण तास मिळाला आहे.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा करू. आपल्याकडे ‘मनाला लावून घेतलंय’, ‘टेन्शन घेतलंय’ असे म्हणून हा आजार त्या माणसाच्या हातात दिला जातो. जणू त्यानेच तो घेतला, तेव्हा त्यानेच तो खाली ठेवावा. दुःख सर्वांनाच होते. वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते ते निदान दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग टिकते, आणि त्यात मनाबरोबर शरीरही ओढले जाते. झोप बिघडते, भूक जाते, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, दोन सदऱ्यांतून एक निवडणे हेदेखील कष्टाचे होते. चिंतेच्या आजारात छाती धडधडते, हातांना घाम सुटतो, आणि न घडलेल्या गोष्टींची उजळणी मन रात्रभर करीत राहते. ही दोन्ही दुखणी पुष्कळदा एकत्र नांदतात. माझ्याकडे ती एकत्रच होती.

आता नोकरी शोधण्याकडे पाहा. नोकरी शोधणे हेच एक काम आहे, आणि ते बिनपगारी आहे. एवढेच असते तर चालले असते. परंतु या आजाराने माणसाजवळचे जे जे काढून नेलेले असते, नेमके तेच हे काम मागते. अर्जात स्वतःची स्तुती करावी लागते. ज्याला स्वतःविषयी एक बरे वाक्य सुचत नाही, त्याने ‘मी मेहनती, उत्साही व महत्त्वाकांक्षी आहे’ असे टाइप करून आणायचे आणि खाली सही करायची. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असे मुलाखतीत विचारतात. ज्याला येत्या गुरुवारचे चित्र डोळ्यांसमोर आणता येत नाही, त्याला हा प्रश्न. नकार पचवावे लागतात, तेही एकामागून एक. निरोगी माणूस नकाराला ‘जागा एक आणि उमेदवार शंभर’ असा हिशेब लावतो. आजारी माणसाजवळ एकच हिशेब असतो: त्यांनी मला ओळखले. शिवाय वाट पाहणे आहे. मन स्थिर असलेल्या माणसालाही वाट पाहणे जड जाते.

माझी स्वतःची हकिगत थोडक्यात सांगतो. मी १९८३ पासून ज्या कारखान्यात होतो तो १९९७ साली बंद पडला. सकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन ‘तरुण भारत’मधील ‘पाहिजेत’च्या जाहिराती उतरवून घ्यायच्या, खडेबाजारात बायोडेटा टाइप करून घ्यायचा, स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडायचे, असा तो काळ. एक अर्ज चार दिवस माझ्या खिशात होता. पोस्टाची पेटी घरापासून दोनशे पावलांवर होती. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की छातीत धडधड सुरू होई. तो आमच्या दारावरून पुढे गेला की सुटल्यासारखे वाटे. आणि तासाभराने त्या सुटल्यासारखे वाटण्याचीच लाज वाटू लागे. आजच्या मुलांना पोस्टमन नाही. त्यांना मोबाईल आहे, म्हणजे पोस्टमन दिवसभर खिशातच आहे. आणि ऑनलाईन भरलेल्या अर्जांना नकारसुद्धा येत नाही. त्यांची वाट पाहणे आमच्यापेक्षा अधिक कठीण आहे असे माझे मत आहे.

बरे झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचले. त्यात एका जुन्या अभ्यासाने मला अतिशय आधार दिला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीची वस्ती होती. १९२९-३० मध्ये तेथील कापडगिरणी बंद पडली आणि बहुतेक सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावात गेले, ४७८ कुटुंबांची माहिती त्यांनी घेतली, आणि १९३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. सामान्य समजूत अशी की बेकार माणसाला वेळ मिळतो. तो वाचील, सभांना जाईल, चिडून उठेल. मारिएन्थालमध्ये उलट घडले. ग्रंथालयाची वर्गणी माफ केलेली असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. दिवसभर काय केले ते लिहा म्हणून पुरुषांना तक्ते दिले, तर उठणे, जेवणे आणि झोपणे यांच्या मधल्या वेळात काय घडले ते त्यांना आठवेना. मग अभ्यासकांनी एक साधी गोष्ट केली. आडोशाला घड्याळ घेऊन बसून त्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालत, मध्येच थांबत. बायका त्यांच्या दीडपट वेगाने चालत. कारण बायकांची गिरणी बंद पडली तरी चूल, धुणी, मुले चालूच होती.

हे वाचताना मला वाचनालयातले माझे टेबल आठवले. जाहिरातींचे पान मी वाचीत असे. कथाकादंबऱ्यांच्या कपाटापर्यंत एकोणीस महिन्यांत एकदाही गेलो नाही, आणि त्यापूर्वी मी आठवड्याला दोन पुस्तके नेणारा वाचक होतो. मारिएन्थालच्या माणसांना कोणी आळशी म्हणणार नाही. गिरणी चालू होती तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षे राबून दाखविले होते. धाग्याला पीळ हवा असतो, तो निघून गेला की धागा सुटा होतो, तसे त्यांचे झाले. मला त्या वडिलांना हेच सांगायचे होते. दहा वाजेपर्यंत अंथरुणात असणारा मुलगा विश्रांती घेत नसतो. पहाटे चारपासून तो जागा असण्याचा संभव अधिक.

औषधोपचारासाठी मी धारवाडला जात असे. आपल्याकडे ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’ ही चेष्टा आहे. तेथे मनोरुग्णालय १८४५ पासून आहे, म्हणून. आणि बेळगावात कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी नेमका पाऊणशे किलोमीटरवरच्या धारवाडलाच गेलो, एका खाजगी डॉक्टरांकडे. शेजारी ‘मुलाखतीला निघालात वाटतं’ म्हणत आणि मी मान हलवीत असे. डॉक्टर कन्नड बोलणारे, माझे कन्नड बाजारापुरते, त्यांचे मराठी त्याहून कमी. आपल्या व्यथेचे नेमके शब्द परभाषेत सापडत नाहीत. पहिल्याच भेटीत दोघेही अडखळलो. मग त्यांनी विचारले, “बेजार आहे का?” बेजार हा शब्द दोन्ही भाषांत आहे. कन्नडमध्ये तो ‘बेजारु’ होतो आणि मराठीपेक्षा थोडा अधिक उदास होतो. त्या एका शब्दावर आमचे काम सुरू झाले. सीमाप्रश्नावर या सभागृहात पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात ही एवढी भर.

औषधाचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. त्याचे त्रास मात्र पहिल्या दिवसापासून दिसतात. माझे औषध जुन्या पद्धतीचे होते, त्याने तोंडाला कोरड पडे. मुलाखतीत जीभ टाळ्याला चिकटली म्हणजे समोरच्याला वाटते की उमेदवार घाबरला. मी पाण्याचा पेला मागून घेऊ लागलो. पुढे मी स्वतः मुलाखती घेऊ लागलो तेव्हा प्रत्येक उमेदवारापुढे पाण्याचा पेला ठेवण्याची पद्धत मी आमच्या विभागात सुरू केली. कारण कोणी विचारले नाही.

घरातले वळण याहून महत्त्वाचे. आमच्या घरी संध्याकाळी मी परतलो की आई, धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांचा एकच प्रश्न असे: “काय, काही झालं का?” प्रश्न मायेचाच होता. परंतु रोज संध्याकाळी ‘नाही’ म्हणावे लागणे ही एक रोजची परीक्षा होती, आणि तिचा निकालही रोजचाच. एके दिवशी माझी पत्नी म्हणाली, “अहो, आजपासून तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. मी सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा.” त्या दिवसापासून मी संध्याकाळी वेळेवर घरी येऊ लागलो. घरात असा आजारी उमेदवार असेल त्यांनी हे जरूर करून पाहावे. खर्च काही नाही.

पहिले काम मला नोकरी म्हणून मिळालेच नाही. शहापुरातील एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे, रोज अकरा ते एक, कीर्द-खतावणी लिहायची. महिना चारशे रुपये. चौदा वर्षे कारखान्यात हिशेब तपासलेल्या माणसाला हे काम शोभत नाही, असे दोघातिघांनी सुनावले. याहोडाबाईंनी पुढे १९८२ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की नोकरी पगाराखेरीज आणखी काही न मागता देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून करावयाच्या कामातला वाटा, समाजात एक ओळख, आणि नियमाने हातपाय हलविण्याची सक्ती. त्या चारशे रुपयांत या पाचही गोष्टी होत्या. बारा वाजता चहा येई. तो चार जणांत विभागून प्यायचा असल्यामुळे मला बोलावेच लागे. शेटजींना माझी प्रकृती ठाऊक होती. त्यांनी एवढेच सांगितले होते की ज्या दिवशी येणे जमणार नाही त्या दिवशी पोराबरोबर निरोप पाठवा. आठ महिन्यांत मी पाच निरोप पाठविले.

आपल्याकडे ‘आधी नीट बरा हो, मग नोकरीचं बघू’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. डॉक्टरही पुष्कळदा असेच म्हणत. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात हा क्रम उलटा करून पाहिला. तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी ज्याला काम हवे आहे त्याला महिनोन्‌महिने शिकवणीत न अडकविता, त्याच्या आवडीचे खरे काम लवकर शोधून द्यायचे, आणि उपचार करणारी मंडळी व नोकरीचा मार्गदर्शक यांनी कामावर लागल्यानंतरही सोबत राहायचे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आणि पुढे अनेक देशांतील चाचण्यांत, जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने अधिक माणसे कामाला लागली. या पद्धतीत सोबत करणारा मार्गदर्शक हा गाभा आहे, आणि तसा पगारी माणूस आपल्या गावात नाही. तरीही शेटजींनी नकळत केले ते याच जातीचे होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अन्नपाणी सुटले असेल, जगणे नको असे विचार येत असतील, तर अर्ज आणि मुलाखती बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. हे सगळे रानावनात राहणारे नाहीत. काही आपल्या गल्लीत आहेत.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. बायोडेटातील मोकळी वर्षे हा या उमेदवारांचा सर्वांत मोठा धसका. ‘१९९७ ते १९९९ काय करीत होता?’ हा प्रश्न येणारच; छापील अर्जात त्यासाठी रकाना असतो. ‘घरचा धंदा पाहत होतो’ असे रचून सांगणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले. दुसराच प्रश्न धंद्याविषयी येतो आणि तेथे ते गळपटतात. माझा अनुभव असा की दोन वाक्ये पुरतात: ‘त्या काळात प्रकृती बरी नव्हती, उपचार घेतले. आता हे काम मी करू शकतो.’ आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. मधुमेहाचे तरी कोण सांगते? त्यानंतर आपण होऊन कामाविषयी बोलावे, म्हणजे विचारणाराही कामाविषयी बोलू लागतो. एक अपवाद मात्र आहे आणि तो मी फौंड्रीतला माणूस म्हणून सांगतो. भट्टीजवळ, क्रेनखाली किंवा चालत्या यंत्रावर काम असेल आणि गुंगी आणणारे औषध चालू असेल, तर कारखान्याच्या डॉक्टरला ते सांगितलेच पाहिजे. वितळलेले लोखंड कोणाची भीड ठेवीत नाही.

कायदा पूर्वीपेक्षा बराच पुढे आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे असे बंधन घातले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखीव आहेत. परंतु त्यातला जो एक टक्का आपल्या वाट्याला येतो तो स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे, आणि चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना ते मिळणार नाही, आणि खाजगी कारखान्यांना ही टक्केवारी लागू नाही. तेव्हा राखीव जागेच्या भरवशावर राहू नये. न्यायालयाचा दृष्टिकोन मात्र जाणून घेण्यासारखा आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याला मानसिक आजार होता आणि त्याच्यावर वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालली होती. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आजाराचा त्या वर्तनाशी संबंध असताना अशी कारवाई करणे हा भेदभाव आहे.

आपल्या भागातील मुलांची एक वेगळी अडचण आहे. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा राज्य सरकारच्या नोकरीसाठी कन्नडमध्ये कमी पडतो, म्हणून तो कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याची वाट धरतो. तेथे कॉट बेसिसवर राहतो. खोलीत सहा जण असतात, परंतु याने दोन दिवस जेवण केले नाही हे सहांपैकी एकाच्याही ध्यानात येत नाही. आणि तो परत आला की गल्लीत ‘परत आला’ एवढ्या दोन शब्दांत त्याचा निकाल लागतो. पुण्यात आणि गोव्यात आपले माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. स्नेहसंमेलने ते उत्तम भरवितात. महिन्यातून एक रविवार गावाहून नव्याने आलेल्या मुलांना घरी जेवायला बोलावणे त्यांना जमण्यासारखे आहे. आज उपस्थित असलेल्यांपैकी ज्यांना हे मान्य असेल त्यांनी आपले नाव व पत्ता कार्यालयात द्यावा.

उद्यमबागेत ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत असे चार-पाच माजी विद्यार्थी मला समोर दिसत आहेत. त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे: दिवसाला दोन-तीन तासांचे, खरे, पगारी काम, वर्षातून एका माणसासाठी. स्टोअरची नोंद, हजेरीपट, बिलांची फाईल, काहीही चालेल. आणि ज्यांना तुम्ही घेणार नाही त्यांना तसे कळवा; मोबाईलवर दोन ओळींचा निरोप पुरे आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी चित्रकलेचा वर्ग येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मला वापरायला दिला आहे. ज्यांना अर्ज लिहायचा आहे, मुलाखतीचा सराव करायचा आहे, किंवा नुसतेच दोन तास घराबाहेर बसायचे आहे, त्यांनी यावे. का आलात हे कोणी विचारणार नाही. बायोडेटा असेल तर आणावा, नसेल तर कोरे कागद तेथे ठेवलेले असतील. प्रवेश मागच्या दाराने, पिंपळाकडच्या बाजूने आहे; पुढचे फाटक रविवारी बंद असते.